नाव नसलेल्या दोन जागा

घाटकोपरच्या एका मोठ्या दुकानाच्या दारात गुणाजी धुरी उभा असतो. बाहेर पडणाऱ्याने पिशवी उघडायची, बिल दाखवायचं, मग गुणाजी पिशवीत डोकावणार, बिलाला भोक पाडणार आणि तेव्हा कुठे गिऱ्हाईक उन्हात जाणार. हे काम त्याला कंपनीने दिलं असं आपलं म्हणायचं. खरं विचाराल तर हा माणूस जन्मला तेव्हाच सुईणीकडे बिल मागत आला असणार. दूधवाल्याच्या मापात त्याला पाणी दिसतं. गॅसचा सिलिंडर आला की तो स्प्रिंगचा काटा लावून वजन बघतो. शेजाऱ्याने सकाळी हसून ‘काय गुणाजी, बरा मा?’ विचारलं, तर मेला हसला कशाला, हाच घोर त्याला दिवसभर पुरतो. त्याची बायको प्रेमा शहाणी. भाजीवाल्याने कोथिंबिरीची काडी फुकट दिली तरी ती घरी येऊन सांगत नाही. उगाच चौकशी नको.

पण त्याची एक गोष्ट मानायला हवी. आपण जगावर संशय घेतो तसा जगही आपल्यावर घेत असणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याने त्याचा बंदोबस्त करून ठेवला होता. तो पाटथर ग्रामस्थ मंडळाचा सेक्रेटरी. पाटथर कणकवलीच्या पुढे आत डोंगरात, आणि मंडळ भांडुपला, टेंभीपाड्यावर, चाळ कमिटीच्या खोलीत. बाप गिरणीत होते तेव्हापासूनचं मंडळ. त्याचं वर्षातलं मोठं काम एकच, गणपतीला गावी जाणारी गाडी ठरवायची आणि तिच्यातल्या जागा वाटायच्या. आता हे काम किती जोखमीचं ते चाकरमान्यांच्या घरात जन्मल्याशिवाय कळायचं नाही. एका खिडकीवरून सख्ख्या साडूंनी एकमेकांच्या बारशाला जाणं सोडलेलं आहे.

गुणाजीची पद्धत अशी. जुलैतल्या एका रविवारी खोलीत फळा लावायचा, फळ्यावर गाडी काढायची, आणि लोकांनी समोर उभं राहून बोट दाखवायचं. खडू गुणाजीच्या हातात. दुसऱ्या कुणी खडूला हात लावायचा नाही. नाव लिहिलं की लिहिलं, ते सगळ्यांना दिसतंय, तक्रारीला जागाच नाही. आणि सेक्रेटरीने स्वतःचं नाव सगळ्यांत शेवटी घालायचं, हा नियम त्याने स्वतःच स्वतःला घालून घेतलेला. सगळ्यात मागच्या बाकावरच्या दोन जागा शेवटपर्यंत कोऱ्या राहायच्या. तिथे कुणी बोट ठेवायचं नाही. हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं, पण सगळ्यांना समजत होतं. मग गुणाजी खडू झटकत मागच्या बाकावर ‘गुणाजी, प्रेमा’ असं लिहायचा आणि पुढे पाटथरपर्यंत कंबर मोडून घ्यायचा. पण काय बिशाद कुणाची बोट दाखवायची.

यंदा त्याला गाडी चुकवून चालणार नव्हतं. धुऱ्यांच्या पाच घरांचा गणपती एक. तो पाळीने फिरतो, दर पाच वर्षांनी एका घराकडे येतो. यंदा पाळी गुणाजीची. मागची पाळी नेमकी कोरोनाच्या वर्षी आली होती. गुणाजी भांडुपला अडकून पडला आणि चुलतभाऊ धाकू टाळेबंदीच्या आधीच गावी गेलेला, म्हणून धाकूने त्याच्या जागी मूर्ती आणली, पुजली, बोळवली. फोनवर सगळं दाखवलं सुद्धा. गुणाजीने फोनमध्ये बघून हात जोडले आणि त्याच क्षणी मनात म्हणाला, याची नजर माझ्या पाळीवर आहे. कारण धुऱ्यांच्या भावकीत असं धरतात की लागोपाठ दोनदा पाळी चुकली की ती मोडते आणि पुढच्या घराकडे जाते. पुढचं घर धाकूचं. तेव्हापासून दोन घरांत येणंजाणं होतं, पण चहा गार व्हायचा.

तर अशा वर्षी मंडळातल्या पोरांनी टूम काढली की जागा आता ऑनलाइन द्यायच्या. म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. अर्धं पाटथर आता भांडुपात राहिलंय कुठे? कोण विरारला, कोण बदलापूरला, कोण माहुलच्या इमारतींत नेऊन टाकलेलं. रविवारी उठून फळ्यासमोर कोण येणार? प्रीतम नावाचा एक तरतरीत जावई, सासुरवाडीच्या मंडळात सगळ्यांत पुढे असणारा, सभेत म्हणाला, “काका, फळ्याचा जमाना गेला. अक्षताला सांगू, ती बनवेल मस्त.” अक्षता ही धाकूची मुलगी. अंधेरीच्या एका कंपनीत वेबसाइटी बनवते.

धाकूचं नाव आलं आणि गुणाजीचे कान उभे राहिले. पण हात वर करून मतं घेतली तेव्हा त्याच्या बाजूने एकटी प्रेमाच होती, आणि तिचाही हात अर्धाच वर.

अक्षताने पान बनवलं ते दिसायला झकास होतं, त्यात वाद नाही. सगळ्यांत वर मोठा आकडा, शिल्लक जागा अमुक. मधे गाडीचं चित्र, रिकामी जागा पांढरी, गेलेली हिरवी, हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं की नाव दिसणार. आणि खाली वेटिंगवाल्यांची नावं. रविवारी सकाळी दहा वाजता सुरू. दहाच्या आधीच गुणाजी पाटावर बसला. एका मांडीवर आपला मोबाइल, दुसऱ्या मांडीवर प्रेमाचा.

“माझो कित्याक?” प्रेमाने विचारलं.

“ताळो बघूक,” गुणाजी म्हणाला.

दहा वाजले आणि पानाला जे काही झालं ते गुणाजीने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. पांढरे चौकोन पटापट हिरवे. एक हिरवा पुन्हा पांढरा. वरचा आकडा वीसच्या खाली, मधेच पुन्हा वीसच्या वर. त्याच्या मोबाइलवर ड्रायव्हरच्या मागची खिडकी रिकामी, प्रेमाच्या मोबाइलवर तीच भरलेली. वेटिंगमध्ये नाव दिसतंय आणि तोच माणूस वर गाडीतही बसलाय. गुणाजी नेमाप्रमाणे थांबून होता, सगळ्यांचं होऊ दे, मग मागचा बाक आहेच आपला. त्याने बघितलं तेव्हा मागचा बाकही हिरवा झाला होता. विरार-बदलापूरच्या माणसाला काय माहीत, त्या बाकावर बोट ठेवायचं नसतं म्हणून. आणि पानाला तर कुणी सांगितलंच नव्हतं.

गाडी गेली. पाळी गेली. रेल्वेची तिकिटं तर कधीच उडालेली. आणि तेवढ्यात त्याचं लक्ष वर गेलं. गाडीत एक चौकोन पांढरा नाही, पण वरती लिहिलंय, शिल्लक जागा दोन. त्याने पान बंद करून पुन्हा उघडलं. दोनच. प्रेमाच्या मोबाइलवर? तिथेही दोन.

“गावली चोरी,” गुणाजी म्हणाला आणि त्याने शर्ट चढवला.

दुपारी खोलीत ही गर्दी. गुणाजीने सगळ्यांना फोन करून बोलावलं होतं आणि जे येऊ शकत नव्हते त्यांना व्हिडिओवर बसवलं होतं. अक्षता लॅपटॉप घेऊन आली. तिच्यामागे धाकू. धाकू मुलुंडला शाळेची बस चालवतो, तो मुळातच कमी बोलणारा माणूस. गुणाजीच्या लेखी हाही पुरावाच.

“गाडी भरलेली, आणि वरती दोन शिल्लक,” गुणाजीने दोन्ही मोबाइल सगळ्यांसमोर धरले. “सकाळी आकडो वर जाय, खाली येय. माझ्यात एक, हिच्यात दुसरा. सांग बाय, ह्यो काय खेळ?”

अक्षताचा चेहरा पडला, पण ती सरळ बोलली. “काका, चूक माझी आहे. खेळ नाही, चूक. पानाचे तीन भाग आहेत ना, वरचा आकडा, मधली गाडी, खालचं वेटिंग. मी प्रत्येकाच्या हातात एकेक पाटी दिली होती. जो तो आपल्या पाटीवर लिहून ठेवायचा आणि काही बदललं की शेजारच्याला निरोप द्यायचा. दिवसाला दोन जागा गेल्या असत्या तर निभलं असतं. दहा वाजता अख्खं गाव तुटून पडलं. एक निरोप पोचायच्या आत पुढचे चार निघाले. कुणाच्या पाटीवर जुनं राहिलं, कुणी दोनदा वजा केलं. वाट लागली सगळ्याची.”

“म्हणजे तुझे भाग एकमेकांक खोटा सांगतत.”

“खोटं नाही हो, शिळं. प्रत्येकजण आपल्या परीने खरंच सांगत होता, पण मघाचं.”

लोक हसले. गुणाजी हसला नाही. दुकानाच्या दारात पिशवीत न मोजलेला साबण सापडला की गिऱ्हाईकही असंच म्हणतं, मघाशी घेतलेला आहे.

“मग आता?”

“आता पाट्या काढून घेते सगळ्यांच्या. मधे एकच जागा, तिथेच काय ते खरं. बदल करायचा तर तिथे करायचा, आणि तिन्ही भागांनी तिथेच बघायचं. स्वतःपाशी कुणी काही ठेवायचं नाही.”

“म्हणजे माझो फळो.”

“तुमचाच फळा, काका,” अक्षता म्हणाली. “फक्त विरारला बसून दिसणारा.”

ती तिथेच, कोपऱ्यातल्या टेबलावर बसली. लोकांनी चहा मागवला. कुणी पत्ते काढले. गुणाजी मात्र तिच्या मागे खुर्ची टाकून बसून राहिला, तिच्या पडद्यावरचं एक अक्षर कळत नव्हतं तरी. धाकू दाराशी उभा होता. मधेच एकदा बाप-लेकीची नजरानजर झाली आणि धाकूने मान हलवली, अगदी जराशी, नाही म्हणाल्यासारखी. गुणाजीने ती मान बरोबर पकडली. काय नाही? कशाला नाही? एवढी वर्षं ज्याचा वास येत होता, ते आज हाताशी आलंय असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यात त्याला बरंही वाटलं.

चारच्या सुमारास अक्षता म्हणाली, “बघा आता.” सगळ्यांनी मोबाइल काढले. तिने एक खोटं नाव घालून बघितलं, सगळ्यांच्या मोबाइलवर चौकोन, आकडा, वेटिंग एका दमात बदललं. तिने ते नाव काढलं, पुन्हा एका दमात. वरचा आकडा आता शून्य. गाडी भरलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रीतमने शिट्टी मारली, यार, मानलं म्हणाला. दुसरा कुणी असता तर चहाचा कप ठेवून घरी गेला असता.

गुणाजी एकेका चौकोनावर बोट ठेवत बसला होता. पिशवीतली वस्तू न् वस्तू बिलाशी ताडून बघायची, अर्ध्यावर सोडायचं नाही, ही त्याची सवय. खिडकी, नाव. मधली, नाव. पुढची रांग, नाव, नाव. आणि चौथ्या रांगेत त्याचं बोट थांबलं. हिरवा चौकोन, पण नाव नाही. त्याच्या शेजारचा, तोही हिरवा, तोही मुका.

“आकडे जुळले,” तो उभा राहिला. “आता नावा जुळव. ह्या दोन जागांवर कोण बसलो?”

सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवर चौथी रांग दाबून बघितली. आता सगळ्यांना एकच दिसत होतं, त्यामुळे कुणाला मोबाइलची चूक म्हणून सोडून देता येईना.

“त्या मी राखून ठेवल्या आहेत,” अक्षता हळू आवाजात म्हणाली. “आधीपासून. सकाळी त्या फक्त गाडीच्या पाटीवर होत्या, आकड्याला त्यांचा पत्ताच नव्हता, म्हणून वरती दोन दिसत होते.”

“राखून. कोणासाठी?”

अक्षताने बापाकडे बघितलं. धाकू जमिनीकडे बघत होता.

“काका, ऐका माझं. त्या राहू दे. नंतर सांगते तुम्हाला. एकट्याला.”

“एकट्याक कित्याक? मंडळ एकट्याचा नाय.” गुणाजीचा आवाज चढला. एवढ्या वर्षांत त्याने मंडळात असा आवाज काढला नव्हता. “गाव वेटिंगवर आसा, आणि तू घरच्यांसाठी दोन जागा दाबून ठेवतंस? बापाचा शिकवणा, दुसरा काय. सोड त्या. आत्ता, सगळ्यांसमोर.”

प्रेमाने मागून त्याचा शर्ट ओढला. त्याने हात झटकला. “सोडा, सोडा,” मागून एकदोघे म्हणाले, त्यात प्रीतमचा आवाज मोठा. पोरीचे डोळे भरून आले होते. ती काही बोलणार एवढ्यात दाराकडून धाकू बोलला.

“सोड बाय. तेच्या मनासारख्या होवंदे.”

तिने एक बटण दाबलं. सगळ्यांच्या हातातल्या पडद्यांवर चौथ्या रांगेतले दोन चौकोन पांढरे झाले, वरती दोनचा आकडा आला, आणि बघता बघता, पापणी लवायच्या आत, चौकोन पुन्हा हिरवे, आकडा पुन्हा शून्य, आणि वेटिंगमधलं सगळ्यांत वरचं नाव गायब. पान आता काटेकोर चालत होतं. प्रीतमच्या खिशात टुंग वाजलं. त्याने मोबाइल बघितला आणि तो ओशाळा हसला. “मला लागल्या,” म्हणाला. “मी आणि मिसेस.”

“आता सांग,” गुणाजी जिंकलेल्या माणसासारखा अक्षताकडे वळला. “कोणाच्या होत्या?”

“तुमच्या, काका.” ती लॅपटॉप बंद करत होती. “बाबा म्हणाले, यंदा पाळी गुणादादाची आहे. तो नेमाचा माणूस, शेवटी घेणार, आणि ऑनलाइनमध्ये शेवटी काही उरत नाही. त्याच्या दोन जागा आधीच काढून ठेव. त्याला सांगू नको, कळलं तर घेणार नाही. तुम्ही आणि काकी. चौथी रांग घेतली, काकीची कंबर दुखते म्हणून.”

धाकू तोवर जिना उतरून गेला होता. आणि प्रीतम, ज्याच्या खिशात त्याच दोन जागा होत्या, तोच म्हणाला, “म्हणजे सेक्रेटरीला राखीव जागा असतात होय? आम्हाला माहीतच नव्हतं.”

घरी गेल्यावर गुणाजी जेवला नाही. कॉटवर बसून भिंतीकडे बघत राहिला आणि त्याचं डोकं नेहमीच्या वाटेने चालू लागलं. आता म्हणायला काय जातंय, तुमच्यासाठीच होत्या म्हणून. पकडली गेली म्हणून म्हणाली. किंवा हेच ठरवलं असेल दोघांनी. राखून ठेवायच्या, माझ्याच हातून सोडवायच्या, म्हणजे मी गाडीतून बाहेर, पाळी मोडली, गणपती धाकूच्या ओटीवर. हे त्याला इतकं पटलं की तो प्रेमाला उठून सांगायला गेला.

प्रेमा कधी त्याला उलट बोलत नाही. त्या दिवशी बोलली. “इतक्या डोक्या लावतास, तर एक जागा तरी आपली धरूची होती,” ती म्हणाली. “तुमका सगळे चोर दिसतत. दहा वर्षा झाली माका आपल्या हातान गणपतीक नैवेद्य दाखवन. आता आणि पाच वर्षांनी तुमी कोणावर संशय घेवक जिते असशात काय, ता बघा.” आणि ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. ती रडत होती. गुणाजीने ओट्यावरचा रिकामा टोप उगाच उचलून आत ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कामावरून आला तर दारात धाकू. चपला न काढता उंबऱ्याबाहेर उभा.

“माझी आणि अक्षताची जागा तुमच्या नावार केलंय,” तो म्हणाला. “मंडळाचो नियम आसा, घरातल्या घरात बदल चालता. धुऱ्यांचा घर एकच. तिची आये येतली तुमच्यावांगडा. मी आणि पोर मागसून येतो, मखराचा सामान घेवन एक टेम्पो जाता, तेच्यात.”

पुढे बसायला ड्रायव्हर आणि दोन माणसं, रात्रभर घाट, पाय पसरायला जागा नाही. गुणाजीला तो टेम्पो डोळ्यांसमोर दिसला. त्याने तोंड उघडलं आणि त्यातून सवयीने जो शब्द यायचा तोच आला.

“कित्याक?”

धाकू इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्यावर चिडला. म्हणजे आवाज चढवला नाही, पण थेट डोळ्यांत बघून बोलला. “गेल्या पाळयेक तुझो गणपती माझ्या ओटयेर होतो, दादा. आरतयेक उभो ऱ्हवलंय, आणि सारखा वाटा, हो माझो नाय. दुसऱ्याच्या पाळयेचो देव पुजूक काय बरा वाटता? ह्या वर्षी तू नाय गेलंस तर परत माकाच पुजूचो लागतलो. माका नको तो.” मग जिन्याकडे वळता वळता म्हणाला, “संशय घेवचो तर घे. पण गाडयेत बसान घे.”

गुणाजी उंबऱ्यात उभाच राहिला. त्याने खूप शोधलं. यात धाकूचा फायदा काय, डाव काय, पुढे काय मागणार. आयुष्यभराचा सराव, पण हाताला काही लागेना. त्याला स्वतःची लाज वाटली. धाकूची नजर त्या पाळीवर कधीच नव्हती, आणि आपण पाच वर्षं त्याच्या घरचा चहा गार केला. दारातून हाक मारावी असं त्याला वाटलं, पण आवाज फुटेपर्यंत जिना रिकामा झाला होता.

गाडी सुटायच्या दिवशी दुपारी टेंभीपाड्याच्या नाक्यावर मंडळ जमलं. बोचकी, फुलांच्या टोपल्या, थर्माकोलची महिरप, मुलं. अक्षता मोबाइल हातात घेऊन गाडीच्या दाराशी, आलेल्याच्या नावावर बोट ठेवत होती. तिला या गाडीने जायचं नव्हतं, तरी ती आली होती. गुणाजी बॅग खाली ठेवून तिच्यासमोर उभा राहिला आणि मुद्दाम मोठ्याने बोलला, गाडीतल्यांना ऐकू जाईल असं.

“बाय, त्या दिवशी सगळ्यांसमोर तुका नको ता बोललंय. म्हणान आज सगळ्यांसमोरच सांगतंय, माझा चुकला. तुझा पान बरोबर होता. मीच चुकलंय. माका माफ कर.”

अक्षता गोंधळली. “काका, असं काय करता,” म्हणाली आणि वाकून त्याच्या पाया पडली.

आणि गाडीच्या खिडक्यांतून माणसं बघत होती. प्रीतम चौथ्या रांगेत, खिडकीशी. गुणाजीचे कान या बाबतीत तिखट. त्याला सगळं ऐकू आलं. बघितलंस, आधी भांडण, आता माफी. दोन जागा सेक्रेटरीसाठी होत्याच, त्या गेल्या तर लगेच दुसऱ्या दोन निघाल्या कशा? भाऊभाऊच ते, ठरवून केलेलं सगळं. फळ्यावर काय काय केलं असेल इतकी वर्षं, देव जाणे. म्हाताऱ्या काशीबाई, ज्यांचं नाव तो दर वर्षी सगळ्यांत आधी लिहायचा, त्यांनीही तोंडाला पदर लावून शेजारणीला काहीतरी सांगितलं.

गुणाजी पायरीवर थांबला. सगळं समजावून सांगावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पाळी, धाकू, टेम्पो, घरातल्या घरात बदल, सगळं पहिल्यापासून. ज्या एका गोष्टीला तो जन्मभर जपला, ती अशी सगळ्यांच्या तोंडी चघळली जात होती, आणि ते ऐकवत नव्हतं. पण समोरचा तोंडाने हो म्हणत असतो तेव्हा डोक्यात काय चाललेलं असतं, हे गुणाजीइतकं त्या गाडीत दुसरं कुणाला माहीत होतं? काही सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, एवढं कशाला सांगतोय.

त्याने प्रेमाला खिडकीशी बसवलं, तिच्या पाठीशी उशी सारली, आणि सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत धाकूच्या जागेवर बसला.